त्रैमासिकाच्या लेखसंग्रहासाठी स्वतःच्या सर्व्हरवरचा ब्लॉग : प्रकल्प नोंदी

१ सप्टेंबर २०२५

वाचनालयाच्या त्रैमासिकाचे सहाशेच्या आसपास लेख आज ब्लॉगरवर (गूगलच्या मोफत ब्लॉगसेवेवर) आहेत, पण डोमेन वाचनालयाचे स्वतःचे आहे. हे फार सोयीचे आहे. डोमेन आपले असल्यामुळे जुन्या लिंक उद्या आपल्याच सर्व्हरवर येतील आणि तिथून नव्या पत्त्यावर वळवता येतील.

गरजा अशा. नवे लेख संपादक मंडळ फोनवरून आणि घरच्या संगणकावरून चढवणार, त्यांतले कोणी कोड लिहीत नाही. एकाने मसुदा टाकायचा, दुसऱ्याने मुद्रितशोधन करून प्रकाशित करायचा. मराठीत शोध चालला पाहिजे. सगळा मजकूर कधीही उचलून दुसरीकडे नेता आला पाहिजे. दिवाळी अंकाचे लेख १७ ऑक्टोबरच्या वसुबारसेआधी नव्या जागी दिसायला हवेत.

ब्लॉग चालवणाऱ्या मंचांपैकी प्रत्यक्ष तपासायचे तीन : वर्डप्रेस, घोस्ट, ह्यूगो. ड्रुपल सक्षम आहे, पण एका त्रैमासिकासाठी त्याची देखभाल जड आहे. जेकिलचे काम ह्यूगोही करतो आणि त्यात रुबीच्या आवृत्त्या सांभाळाव्या लागत नाहीत. ग्रॅव्ह डेटाबेसशिवाय चालतो आणि नेटका आहे, पण अडचण आली तर तालुक्यात तो जाणणारा माणूस मिळणे कठीण. हा निकष आम्ही वरच्या क्रमांकावर ठेवला आहे.

सुविधांच्या तक्त्यावरून निवड करायची नाही. तिन्हींवर तेच लेख चढवून पाहायचे. कसोटीसाठी लांब मराठी शीर्षकाचा लेख, ओळी मोडलेली कविता, तळटिपा असलेला लेख, एक तक्ता, फोनवर काढलेला सहा एमबीचा फोटो, इमोजी असलेला परिच्छेद, आणि 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'ॲड.' हे शब्द दोन वेगवेगळ्या कळफलकांवरून टाइप केलेले.

३ सप्टेंबर

चाचणीचा सर्व्हर उभा केला : एक कोअर, दोन जीबी मेमरी, चाळीस जीबी डिस्क, उबुंटू २४.०४. दोन जीबीची स्वॅप फाइल (डिस्कवरची पूरक मेमरी) लगेच जोडली. लहान सर्व्हरवर मेमरी संपली की लिनक्सचे कर्नल सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारते, आणि ती बहुधा डेटाबेसच असते. मग वाचकाला फक्त 'डेटाबेसशी जोडणी झाली नाही' एवढेच दिसते आणि आपण पासवर्ड तपासत बसतो. अशा वेळी आधी कर्नलची नोंदवही पाहावी.

फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढीच दारे (पोर्ट) उघडी. सर्व्हरवर प्रवेश कळजोडीने (एक गुप्त, एक उघड अशा दोन फाइलींनी), पासवर्डने नाही. तिन्ही चाचणी-पत्ते पासवर्डआड ठेवले, नाहीतर अर्धवट मजकूर शोधयंत्रांत जातो आणि नंतर मूळ लेखाशी स्पर्धा करतो.

६ सप्टेंबर : घोस्ट

घोस्ट २०१३ पासून आहे. नोड-जेएस या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या मंचावर चालतो, परवाना एमआयटी. सहाव्या आवृत्तीला नोड २२ लागतो आणि प्रत्यक्ष वापरासाठी मायएसक्यूएल ८ हाच डेटाबेस. मारियाडीबी चालत नाही, एसक्यूलाइट फक्त विकासापुरते. उबुंटूत मायएसक्यूएल आणि मारियाडीबीची पॅकेजे एका यंत्रावर एकत्र नांदत नाहीत, म्हणून चाचणीत वर्डप्रेसलाही मायएसक्यूएल ८ दिले. घोस्ट बसवताना रूट म्हणून चालवू नये आणि लिनक्सवरील वापरकर्त्याला 'घोस्ट' हेच नाव देऊ नये. बसवण्याचे साधन ते नाव स्वतःसाठी वापरते.

लिहिण्याचा पडदा तिघांत सर्वांत सुंदर. कविता नीट बसली, फोटो ओढून टाकला की झाले. पान वेगाने उघडते.

अडचणी तीन. पहिली, संपादनाचा भाग इंग्रजीत आहे. दुसरी, आतला शोध शीर्षक, सारांश, विषय आणि लेखक यांतच पाहतो, लेखाच्या मजकुरात नाही. संग्रहासाठी ही मोठी उणीव आहे : वाचक लेखाचे नाव विसरलेला असतो, त्यातले गाव किंवा आडनाव त्याला आठवत असते. तिसरी वर्गणीची. सशुल्क वर्गणी स्ट्राइप या पैसे स्वीकारणाऱ्या सेवेवर उभी आहे, आणि भारतात स्ट्राइपचे नवे खाते निमंत्रणाशिवाय मिळत नाही. आपले वर्गणीदार यूपीआयने पैसे देतात. वार्तापत्राची घाऊक पाठवणीही मेलगन या एकाच सेवेला बांधलेली आहे. ज्यांचा मुख्य व्यवहार ईमेलने जाणारे सशुल्क वार्तापत्र आहे आणि स्ट्राइप हाताशी आहे, त्यांनी घोस्टच घ्यावा.

९ सप्टेंबर : ह्यूगो

एकच फाइल उतरवायची, बाकी काही बसवायचे नाही. लेख म्हणजे साध्या मजकुराच्या फाइली, निकाल म्हणजे तयार एचटीएमएल. डेटाबेस नाही, सर्व्हरवर चालणारा पीएचपीचा कोड नाही, त्यामुळे फोडायला फारसे दारच नाही. सगळा संग्रह काही सेकंदांत बांधून होतो. वीस वर्षांनी ह्यूगो नसला तरी त्या फाइली कोणत्याही संपादकात उघडतील. जतन करण्याच्या दृष्टीने याला तोड नाही.

दोन ठिकाणी मराठी माणूस अडतो. लेखाच्या तारखेत वेळ दिली आणि वेळ-पट्टा (टाइम झोन) दिला नाही, तर ह्यूगो ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो. सकाळी दहाचा म्हणून टाकलेला लेख त्याच्या हिशेबात साडेपाच तास पुढचा ठरतो, आणि भविष्यातले लेख तो मुळात बांधतच नाही. चूकसंदेश येत नाही, लेख फक्त दिसत नाही. मांडणीच्या (सेटिंग्जच्या) फाइलीत वेळ-पट्टा 'एशिया/कोलकाता' लिहावा. दुसरे, पत्त्यांमधली स्वरचिन्हे काढण्याचा एक पर्याय असतो, युरोपीय भाषांसाठी केलेला. मुळात तो बंद असतो, पण कुठूनतरी उचललेल्या मांडणीत चालू असला तर देवनागरीतली उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्ताची चिन्हे गळून पडतात, आणि काना-वेलांटी मात्र शिल्लक राहतात. पत्ता विचित्र दिसतो आणि कारण लवकर सापडत नाही.

शोधासाठी पेजफाइंड जोडून पाहिले. बांधणीच्या वेळीच सूची तयार होते आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये तुकड्यातुकड्याने उतरते, सर्व्हरवर काही चालत नाही. शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवत असल्याने 'ग्रंथालय' लिहिले की 'ग्रंथालयात', 'ग्रंथालयाचे' सापडते.

खरा प्रश्न संपादनाचा. फाइल लिहा, डोक्यावर तारीख-विषय भरा, गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ढकला, बांधणी होईपर्यंत थांबा : हा क्रम मुद्रितशोधन करणाऱ्यांना शिकवता येईल, पण टिकणार नाही. एका वेलांटीसाठी फोन करावा लागणे म्हणजे ती वेलांटी तशीच राहणे. एकटा, कोड जाणणारा लेखक असेल तर ह्यूगो आधी पाहावा.

१३ सप्टेंबर : वर्डप्रेस

२००३ पासूनचा. पीएचपी ८.३ उबुंटूच्याच भांडारातून मिळते. सारा प्रशासन-भाग मराठीत करता येतो. लेखक, संपादक, प्रशासक अशा भूमिका तयार आहेत : लेखकाची पायरी एक खाली, म्हणजे 'योगदानकर्ता' ठेवली की मसुदा तपासणीला जातो, थेट प्रकाशित होत नाही. प्रत्येक बदलाची आवृत्ती राहते आणि दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक पाहता येतो. मुद्रितशोधनाला हेच हवे होते. आवृत्त्यांची संख्या मर्यादित नसते, म्हणून मांडणीच्या फाइलीत ती पंधरावर आणली.

फोटो अडला. एन्जिनएक्स हा वेबसर्व्हर मुळात एक एमबीपेक्षा मोठी विनंती नाकारतो आणि ४१३ क्रमांकाची चूक देतो. पीएचपीची मूळ मर्यादा फाइलीला दोन एमबी, पूर्ण विनंतीला आठ. तिन्ही ठिकाणी सोळा केल्यावर चढला. एकाच ठिकाणी वाढवून उपयोग नाही. मोठ्या फोटोची २५६० पिक्सेलची प्रत वर्डप्रेस आपणहून करतो.

दोष सर्वांना माहीत आहेत : प्लगइनांचा (जोड-कार्यक्रमांचा) ढीग, सतत येणाऱ्या सुधारणा, लॉगिनवर होणारे हल्ले. हे प्रश्न शिस्तीने आवरतात.

१७ सप्टेंबर : पत्त्यांचा प्रश्न

यावर एक पूर्ण दिवस घालवणे योग्य होते, कारण लेखाचा पत्ता एकदा छापला गेला, व्हॉट्सॲपवर फिरला की तो बदलता येत नाही.

ब्लॉगर मराठी शीर्षकातून पत्ता बनवतच नाही. रोमन अक्षर न सापडल्याने तो 'ब्लॉग-पोस्ट', पुढे अंक, असे नाव देतो. सहाशे लेखांतले बहुतेक पत्ते असेच आहेत.

घोस्ट देवनागरीचे रोमन करतो, पण चिन्हाला चिन्ह लावून, मधला 'अ' न उच्चारता. 'मराठी'चे रोमन रूप एम-आर-ए-ए-टी-टी-एच-आय-आय होते. वाचता येत नाही आणि कोणी टाइप करणार नाही.

वर्डप्रेस देवनागरी जशीच्या तशी ठेवतो. पत्त्याच्या पट्टीत छान दिसते, पण आत वेगळे चाललेले असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन रोमन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. वर्डप्रेसच्या तक्त्यात पत्त्यासाठी दोनशे जागा आहेत. भागाकार करा : बावीस चिन्हे. आणि इथे काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्र' या एका शब्दाचीच दहा होतात. 'महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची चळवळ' या शीर्षकाचा पत्ता 'महाराष्ट्रातील-सार्वजनि' इथे तुटला. शिवाय लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की टक्के आणि अंकांची चार-पाच ओळींची माळ दिसते. ज्येष्ठ वाचक तिला हात लावायला घाबरतात, आणि ते बरोबरच आहे.

ठरलेला नियम : पत्ता रोमन लिपीत, हाताने लिहिलेला, तीन-चार शब्दांचा, तारीख नाही. संपादक विसरला तर एक छोटे सक्तीचे प्लगइन पत्त्यात टक्क्याचे चिन्ह आढळताच त्याऐवजी 'लेख' आणि लेखाचा क्रमांक रोमनमध्ये घालते. हा नियम पहिल्या लेखाआधी लागू करावा. नंतर करणे म्हणजे पुन्हा वळण-यादी, जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे नेणारी.

२० सप्टेंबर : शोध

कसोटीतला 'दुसऱ्या' हा शब्द कामी आला. हा आडवा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. नव्या कळफलकांवर ऱ, हलन्त, य. जुन्या पद्धतीत र, हलन्त, अदृश्य जोडक, य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, संगणकाला वेगळे. 'ॲ'चेही तसेच : एक अखंड चिन्ह, जे युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि त्याआधीची अ, जोडक, चंद्र अशी जोडणी. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण या जोड्या एक करत नाही. त्यामुळे तिन्ही मंचांवर 'वऱ्हाड' शोधले की निम्मे लेख सुटतात, आणि सुटले हे कोणाला कळतही नाही.

उपाय : लेख जतन होताना र-हलन्त-जोडक हा क्रम, पुढे य किंवा ह असेल तरच, ऱ-हलन्त करायचा, अ-जोडक-चंद्रचे 'ॲ' करायचे. शोधपेटीत आलेल्या शब्दावरही तोच बदल. सगळे जोडक सरसकट पुसू नयेत, कारण काही ठिकाणी मुद्दाम अर्धे अक्षर दाखवण्यासाठी ते घातलेले असतात.

वर्डप्रेसचा मूळ शोध मजकुरात कुठेही तो तुकडा आहे का एवढेच पाहतो. 'पुस्तक' लिहिले की 'पुस्तकाचे' मिळते, पण 'पान' लिहिले की 'जपान' आणि 'सोपान'ही येतात. 'घोडा' लिहून 'घोड्याला' कुठेच सापडत नाही, कारण मराठीत सामान्यरूपात शब्दच बदलतो आणि मराठीसाठी मूळ रूप काढणारे तयार साधन या मंचांत नाही. सहाशे लेखांसाठी हे चालण्यासारखे आहे. शोधपेटीखाली एक ओळ घातली : 'प्रत्यय न लावता, शब्दाचा सुरुवातीचा भाग लिहा.'

२४ सप्टेंबर : निर्णय

वर्डप्रेस. मजकुरात शोध, मराठी प्रशासन, तपासणीची साखळी, आणि जिल्ह्याच्या गावीही दुरुस्ती करणारा मिळण्याची शक्यता. जुने अंक ह्यूगोत आणि नवे वर्डप्रेसमध्ये ही सूचना विचारात घेतली आणि सोडली : दोन शोध, दोन मांडण्या, दोन बॅकअप सांभाळायला माणसे नाहीत. ह्यूगोचा टिकाऊपणा मात्र हवा आहे, म्हणून दर अंकानंतर सर्व लेखांची साधी मजकूर-प्रत काढून ठेवायची.

प्लगइने चारच, पाचवे हवे असेल तर आधी एक काढायचे. पाने बांधून देणारे जड प्लगइन अजिबात नाही. ते काढले की मजकुरात त्याच्या खुणांचा कचरा उरतो आणि लेख त्याच्या ताब्यात जातात.

२९ सप्टेंबर : स्थलांतर

नव्या सर्व्हरवर मारियाडीबी १०.११. ब्लॉगरची एक्सएमएल फाइल वर्डप्रेसच्या ब्लॉगर आयातकाने आत घेतली. हा आयातक प्रत्येक लेखासोबत जुना पत्ता वेगळ्या रकान्यात ठेवतो. तो रकाना आणि नवा पत्ता अशी दोन स्तंभांची यादी काढली, तीच वळण-यादी. आयातीनंतर हा रकाना पुसू नये.

एन्जिनएक्समध्ये यादी लावताना दोन गोष्टी. पत्ते लांब असले की तो सुरूच होत नाही आणि तक्त्याच्या खणाचा आकार वाढवा असे सांगतो. ६४ वरून १२८ केला. जुळवणी प्रश्नचिन्हापुढचा भाग वगळलेल्या पत्त्यावर करावी, कारण फोनवरून शेअर झालेल्या ब्लॉगरच्या लिंकांना मागे 'एम बरोबर १' लागलेले असते आणि पूर्ण पत्ता धरला तर त्यातली एकही जुळत नाही. जुन्या फीडचा (नवे लेख वाचकांना आपोआप कळवणाऱ्या यादीचा) पत्ताही वळवला, नाहीतर फीडवाचक वापरणारे वाचक तुटतात.

चित्रे अजून जुन्याच सर्व्हरवरून येत होती. त्यांच्या पत्त्यात आकार लिहिलेला असतो, 'एस ३२०' किंवा 'एस १६००'. तिथे 'एस ०' केल्यावर मूळ आकाराची प्रत मिळते. तशी सर्व उतरवून मगच लेखांतले पत्ते बदलले.

पत्ते बदलताना डेटाबेसच्या फाइलीत साधे शोधा-बदला करू नये. वर्डप्रेस काही माहिती लांबीसकट बांधून ठेवतो आणि ती लांबी बाइटांत असते. मजकूर बदलला, आकडा तसाच राहिला, की ती नोंद वाचताच येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला आज्ञा देण्याच्या साधनातली बदलण्याची आज्ञा आकडाही सुधारते. आधी कोरडी फेरी (काहीही न बदलता केलेली चाचणी) घ्यावी.

४ ऑक्टोबर : अक्षर

फाँट मुक्ता, दोन वजने, आपल्याच सर्व्हरवरून. मुंबईच्या एक टाइपचा हा फाँट मुक्त परवान्याचा आहे. छोटा करताना देवनागरीचा पट्टा ठेवला आणि दोन अदृश्य जोडकही ठेवले; ते वगळले तर अर्धी अक्षरे मोडतात. जोडाक्षरांचे नियम कापू नयेत.

पानाची भाषा 'एमआर' लिहिलेली असावी. ज्या फाँटांत सोय आहे त्यांत त्यावरूनच मराठी वळणाचे ल आणि श येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ओळीची उंची १.७. अक्षरांमधले अंतर शून्यच, वाढवले की शिरोरेघ तुटते. तिरक्या अक्षरांची शैली बंद केली : देवनागरीत ब्राउझर खोटा तिरपेपणा आणतो आणि वेलांट्या एकमेकींवर चढतात. त्या जागी ठळक.

८ ऑक्टोबर

लॉगिन न केलेल्या वाचकांसाठी एन्जिनएक्सची साठवण (कॅश) चालू. त्याचा एक परिणाम लक्षात ठेवावा : वर्डप्रेसची ठरल्या वेळची कामे पान उघडले की चालतात, आणि साठवलेले पान पीएचपीपर्यंत पोचतच नाही. म्हणून सकाळी सहाचा ठरवलेला लेख 'वेळ चुकली' अशा खुणेसह पडून राहतो. आतली सोय बंद करून सर्व्हरच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून) दर पाच मिनिटांनी आज्ञा लावली.

पीएचपीच्या एकेका प्रक्रियेला साठ एमबीच्या आसपास मेमरी जाते. डेटाबेस आणि बाकीचे वजा करून दहा प्रक्रिया सुखाने बसतात, तेवढीच मर्यादा ठेवली. बाहेरच्या ॲपसाठी असलेले एक्सएमएल-आरपीसीचे दार बंद, लॉगिनच्या पानावर मिनिटाला मोजक्याच विनंत्या, प्रशासनातून कोड बदलण्याची सोय बंद.

१४ ऑक्टोबर : डोमेन वळवले

काल डीएनएसची (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदींची) मुदत ३०० सेकंदांवर आणली होती. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र नेहमीच्या पद्धतीने डोमेन वळल्यावरच मिळते, मधल्या वेळेत वाचकाला भीतीदायक सूचना दिसते. म्हणून डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद घालून ते आधीच काढले. हाताने काढलेले असे प्रमाणपत्र आपोआप नवे होत नाही, नव्वद दिवसांनी संपते. डोमेन वळताच सर्टबॉट या प्रमाणपत्र घेणाऱ्या साधनाकडून नेहमीच्या पद्धतीने पुन्हा घेतले आणि नूतनीकरणाची कोरडी फेरी पाहिली.

ब्लॉगरच्या चारही ए-नोंदी (सर्व्हरचा अंकी पत्ता सांगणाऱ्या) काढल्या. त्यांतली एक जरी राहिली तरी काही वाचक जुन्या जागी जातात आणि तक्रार 'मला दिसते, त्यांना दिसत नाही' अशी येते.

ईमेल सर्व्हरवरून थेट पाठवत नाही. बहुतेक क्लाउड सेवा २५ क्रमांकाचे दार बंद ठेवतात. ५८७ वरून एका मेलसेवेमार्फत. मेल खरेच आपल्याकडून आला हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी घातल्या.

१६ ऑक्टोबर

४०४ची (न सापडलेल्या पानांची) नोंदवही पाहिली. वळण-यादीत नसलेले पत्ते मुख्यतः ब्लॉगरच्या लेबलांचे आणि महिन्यांच्या पानांचे. लेबले विषयांकडे, महिने संग्रहाच्या पानाकडे वळवले. दिवाळी अंकाचे लेख ठरल्या वेळी आले.

२५ ऑक्टोबर : बॅकअप उलटा लावून पाहणे

रोज रात्री डेटाबेसची प्रत एकाच व्यवहारात, यूटीएफ-८ एमबी-४ (इमोजीही सामावणारे संकेतन) स्पष्ट लिहून. चढवलेल्या फाइली वेगळ्या. दोन्ही दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत. आठवड्याला एक प्रत वाचनालयाच्या कपाटातल्या डिस्कवर. आज ती डिस्कवरची प्रत एका साध्या संगणकावर लावली. पाहण्याच्या गोष्टी : लेखांची संख्या, इमोजीचा परिच्छेद, 'वऱ्हाड'चा शोध, सर्वांत जुने चित्र. मराठीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरे दिसली असती तर जोडणी लॅटिन-१ या रोमन लिपीपुरत्या संकेतनात झाली असे समजावे. सर्व ठीक. मांडणीची फाइल मात्र बॅकअपमध्ये नव्हती, आज घातली.

पुढचे काम : २००९ आधीचे अंक पेजमेकरमध्ये, श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटांत आहेत. ते युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्या जागा बदलाव्या लागतात, कारण जुन्या फाँटात वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. परिवर्तक साध्या अक्षरांवर ठीक चालतात, जोडाक्षराला वेलांटी आली की घसरतात : 'स्थिती', 'शक्ति', 'मूर्ती' यांसारख्या शब्दांची यादी करून प्रत्येक अंकात ते आधी तपासायचे. पहिला अंक नोव्हेंबरमध्ये.